जाड शब्द

निरंजन देशपांडे बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजातून इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले, तरी शिकवायची सवय सुटली नव्हती. मुलगा पंकज यानं दापोरा गावच्या केळी पिकवणाऱ्या घरातली कुसुम पसंत केली, तेव्हा ते विरोधात बोलले नाहीत. तिला नाव तेवढं दिलं.

कुसुम मोठ्यानं हसायची, भाकरी ताटातच कुस्करायची. पाहुणे आले की सासरे म्हणायचे, "ही आमची क्रॅसिट्यूड." पाहुणे गालात हसत. कुसुमनं पंकजला अर्थ विचारला, तर तो म्हणाला, बाबांचं लाडाचं आहे. तिच्या आईनं, सरुबाईनं, एकदा थेट व्याह्यांनाच विचारलं. त्यांनी सांगितलं की भरल्या शेतातल्या लक्ष्मीला इंग्रज असं म्हणत. सरुबाई हरखली. हा शब्द तिनं घरी जाईपर्यंत घोकला आणि दापोऱ्यात घरोघरी सांगितला.

कुसुमला मुलगी झाली. बारशाला कॉलेजातली सगळी जुनी मंडळी आली. नाव सायली ठरलं होतं. पाळणा म्हणायची वेळ आली तशी सरुबाई पुढं झाली. तिनं स्वतः जुळवलेलं गाणं होतं, आणि त्याच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटी नातीला ती 'माझी किरासिटूड' म्हणत होती.

पहिल्या कडव्याला लोक दचकले. दुसऱ्याला हसू फुटलं. सरुबाईला वाटलं, गाणं आवडलं, म्हणून तिनं आवाज चढवला. पंकज तोंडावर रुमाल धरून हसत होता.

निरंजनरावांच्या जुन्या सहकारी चारुलता मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, यांना अर्थ सांगितलाय का तुम्ही?"

निरंजनराव वर्गात उभं राहावं तसे उभे राहिले.

"मूळ लॅटिन, 'क्रासस'. म्हणजे जाड, दाट. चिखल असतो तसा, खरबरीत कापड असतं तसं. त्यावरून जाड बुद्धी, गावंढळपणा. इंग्रजांनीसुद्धा आता वापरातून काढलाय हा शब्द." मग ते सरुबाईकडे वळून म्हणाले, "गमतीत म्हणतो हो, विहीणबाई."

सरुबाईच्या हातात पाळण्याची दोरी तशीच राहिली. कुसुमनं बाळ उचललं, आईचा दंड धरला आणि दोघी बाहेर पडल्या. जिन्यात पंकज आडवा आला. एवढ्याशा गमतीचा तमाशा करतेस, म्हणजे बाबा काही चुकीचं बोलत नव्हते, असं तो म्हणाला. ती त्याला वळसा घालून निघून गेली.

गावी दोन दिवसांनी सरुबाई लेकीजवळ येऊन बसली. म्हणाली, "मीच म्हनलं ना व ते? माह्या नातीले, माह्याच तोंडानं."

आता तिकडे जाणार नाही, असं कुसुमनं सांगितलं. सरुबाईनं ऐकून घेतलं. पण घरात भाऊ होते, भावजया होत्या, आणि शेजारणी रोज जावई कधी येणार म्हणून विचारत होत्या. पंकजचा फोन आला नाही. महिना सरता सरता सरुबाईनंच लेकीची पिशवी भरली.

बुऱ्हाणपूरला दार निरंजनरावांनी उघडलं. त्यांनी कुसुमला आत घेतलं, बाळाच्या गालाला बोट लावलं आणि सरुबाईला, चहा पिऊन मग जा, असं म्हणाले. सरुबाई उंबऱ्याबाहेरच उभी होती. बस चुकंल, म्हणाली, आणि वळली. कुसुमनं मागून हाक मारली, तरी ती थांबली नाही.

आतून सासरे कुणाला तरी फोनवर सांगत होते, "हो हो, आली परत."