ज्याला येतं त्याने उजवा हात

उत्तराबाई नोकरीला लागल्या तेव्हा शाळेत इन्स्पेक्टर यायचे. आदल्या दिवशी फळा काळा करायचा, पोरांची नखं तपासायची, आणि जुन्या बाईंनी शिकवलेली एक युक्ती वर्गाकडून घोटून घ्यायची. प्रश्न विचारला की हात सगळ्यांनीच वर करायचा. येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा. सगळा वर्ग हुशार दिसायचा आणि साहेब चहा पिऊन खुशीत जायचे.

आता साहेबांच्या जागी मोबाइल आला होता. घाटकोपरच्या त्यांच्या शाळेत धड्यांचे व्हिडिओ काढून मुलांना मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवत. त्यातला सर्वांत चांगला स्पर्धेला जाणार होता. निवृत्तीला आलेल्या उत्तराबाईंनी हौसेने नवी साडी नेसून चौथीला बाष्पीभवन शिकवलं. आणि त्याआधी, जुन्या सवयीने, तीच युक्ती वर्गाला सांगितली.

पालकसभेत, मुलांनाही आईवडिलांसोबत बसवून, मुख्याध्यापक नंदकुमार सरांनी तो व्हिडिओ लावला.

"ओला कपडा पंख्याखाली लवकर का वाळतो?" पडद्यावरच्या बाईंनी विचारलं. भराभर हात वर झाले. तिसऱ्या बाकावरची श्वेता तर अर्धी उभी राहून डावा हात ताणत होती. बाई तिच्यावरून नजर फिरवून अपूर्वाकडे वळल्या. पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच. शेवटी श्वेताने उजव्या हाताने डाव्या हाताला टेकू दिला, तरी बाई गेल्या त्या दुसऱ्याच बाकाकडे.

खुर्चीतल्या उत्तराबाईंना घाम फुटला. वर्गात त्यांनी हात तेवढे पाहिले होते, पोरीचं तोंड पाहिलंच नव्हतं.

"बाई, आमचं चेडू कधीपासून हात वर करून बसलंय," श्वेताची आई सुलक्षणा म्हणाली. "एकदा तरी विचारायचं ना! आमच्या एका खोलीत हिचा युनिफॉर्म रोज पंख्याखालीच वाळतो. हिला नाय येणार तर कोणाला येणार?"

उत्तराबाई काही बोलायच्या आत अपूर्वा मदतीला धावली. "काकी, तिने डावा केला ना! डावा म्हणजे येत नाही. बाईंनीच सांगितलंय."

सभेत कोणीतरी हसलं. मग कोणीच हसेना.

"डावखुरी आहे ती," सुलक्षणा हळू आवाजात म्हणाली.

हे उत्तराबाईंना काय ठाऊक नव्हतं? वर्षभर तिचं डाव्या हातचं अक्षर त्याच तपासत होत्या. उत्तर आलं म्हणून पोरगी हुरळली, नियम विसरली आणि आपला हात वर केला.

"तेवढा भाग कापू या, बाई," नंदकुमार सर कानाशी कुजबुजले. "कोणाला कळतंय?"

"कळायचं त्यांना कळलं, सर. हा पाठवू नका." त्या उठून श्वेताच्या बाकाशी गेल्या. "श्वेता, चुकलं गं माझं. सोमवारी आपण पुन्हा काढू. असलं काही नाही सांगणार मी. पहिला प्रश्न तुला."

श्वेता दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"काढा ना बाई," ती म्हणाली. "पण मला नका घेऊ त्यात."

सुलक्षणाने तिच्या पाठीवर हात ठेवला. व्हिडिओ अजून चालूच होता. पडद्यावर उत्तराबाई हसतमुखाने म्हणत होत्या, "शाब्बास! सगळ्यांना येतंय!" आणि तो आवाज बंद कसा करायचा, हे बाकाशी उभ्या असलेल्या बाईंना माहीत नव्हतं.