छातीखालचा निरोप

माणसाच्या अंगावरून हात फिरवला की दुखणं कुठे दडलंय हे मला कळतं. ही बढाई नाही. मणक्याच्या वॉर्डात नर्स म्हणून वीस वर्षं काढली आहेत. म्हणूनच वायरिंगची कामं करणारा माझा थोरला भाऊ शिडीवरून पडला आणि छातीखाली त्याला काहीच जाणवेनासं झालं, तेव्हा बाकीचे हातपाय गाळून बसले आणि मी कंबर कसून उभी राहिले. सहा वर्षं दादा माझ्याकडेच आहे. मला ‘मेट्रनबाई’ म्हणतो, भाजीत मीठ कमी पडलं की कुरकुरतो, आणि ‘एकदा पायाला मुंगी चावू दे, मग मेलो तरी चालेल’ हे त्याचं रोजचं पालुपद.

अशा माणसांचं एक विचित्र असतं. खाली काही बोचलं तर त्यांना कळत नाही, पण त्यांच्या रक्तवाहिन्यांना कळतं. मेंदूकडून येणारे निरोप तुटले की त्या वाहिन्या भलत्याच हळव्या होतात. निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा एखादा थेंब मिळाला तरी आक्रसून बसतात. मग रक्तदाब भडकतो, चेहरा लाल होतो, डोकं फुटायला येतं, आणि कारण वेळेत सापडलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस हातचा जातो. शोधायची आमची पद्धत ठरलेली: लघवीची नळी, चादरीची सुरकुती, पायाची नखं, बूट. मी कधी चुकले नव्हते.

एका दुपारी मी ड्यूटीवरून घरात पाऊल टाकते तो दादाचं डोकं ठणकत होतं. दाब एकशे नव्वद. त्याला उठवून बसवलं, कपडे सैल केले, नळीपासून नखांपर्यंत सगळं पाहिलं, काहीच नाही. हरून खुर्चीत टेकले आणि टाचेला चावणारे माझे नवे बूट काढून भिरकावले.

“सुटलं बघ,” दादा म्हणाला.

यंत्रावर एकशे तीस.

योगायोग, म्हटलं. पण चार दिवसांनी स्वयंपाकघरात माझ्या पायाची करंगळी दाराला आपटली आणि आतून दादाची हाक आली, “अगं, डोकं!” मग मात्र मी रीतसर तपासलं. यंत्र त्याच्या दंडाला लावलं आणि माझ्याच पोटरीला करकचून चिमटा काढला. आकडा चढला. हाताला काढला, आकडा ढिम्म. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? पण लगेच हायसंही वाटलं. कारण सापडलं होतं, आणि सापडलेल्या कारणाला मी भीत नाही. बूट देऊन टाकले, घरात अनवाणी राहू लागले, स्वतःचे पाय तान्ह्या बाळासारखे जपले. थंडीतही फरशी पायाला गार लागेना. म्हटलं, सवय झाली. दोन महिने दादाचं डोकं दुखलं नाही.

आज सकाळी त्याच्या हातून पाण्याचा ग्लास फुटला. मी काचा झाडून घेतल्या, फरशी पुसली आणि चादर बदलायला लागले, तेवढ्यात त्याचा चेहरा तांबडालाल झाला. दोनशे दहा. त्याला बसवलं, पलंगाभोवती फिरून नळी, चादर, नखं, सगळं पाहिलं. मग स्वतःकडे लक्ष दिलं. पाय ठणठणीत.

“मला कुठेच दुखत नाहीये,” मी म्हटलं. “म्हणजे तुझंच काहीतरी आहे. थांब, आत्ता सापडेल.”

“फरशी बघ,” दादा म्हणाला.

पलंगाभोवती डाव्या पावलाचे लाल ठसे होते. ओले. मी पलंगाच्या कडेला बसून पाय उचलला, तर टाचेत बोटाच्या पेराएवढी काच रुतली होती. चिमटीत धरून हलवली. मला काही म्हणजे काही जाणवलं नाही.

“आई गं!” दादा ओरडला.

तो स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत होता. डोळे पाण्याने भरलेले, आणि ओठांवर हसू.

“टाच दुखतेय, मेट्रनबाई. माझी टाच,” तो म्हणाला. “लगेच काढू नकोस गं.”

यंत्रावर दोनशे तीस. काच माझ्या चिमटीत होती, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच माझा हात थांबला.