फी कुणी भरली?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या दक्षिण भागात, कोंबड्यांच्या कारखान्याभोवती वसलेल्या त्या गावात आयकराचे कागद भरून घ्यायला कुणी पैसे मोजत नसे. फेब्रुवारीतल्या शनिवारी सकाळी सगळे बेथेल रिज चर्चच्या हॉलमध्ये जमत. तिथे चर्चचे वडीलधारे डीकन होझिया प्रुइट एकतीस वर्षं मंडळींचे कागद भरून देत होते आणि मोबदल्यात फक्त घरी भाजलेला केक घेत होते. माणूस सरळ. नको तितका सरळ. त्या सरळपणापायी गावाचं किती नुकसान झालं ते कुणी तपासलं नव्हतं, कारण सरळ माणसाला प्रश्न विचारायचं आपल्याला कधी सुचतच नाही.

त्या शनिवारी व्हेल्डा टॅरंट केक न घेताच आली.

"रिकाम्या हाताने?" केकच्या टेबलामागे बसलेल्या मिस अर्नेस्टीनने चष्म्यावरून पाहिलं.

"भांडायला आलेय, मिस अर्नेस्टीन. भांडायला येताना कुणी केक आणतं का?"

"मग आधी कॉफी घे. उपाशीपोटी भांडलीस तर मध्येच रडशील."

व्हेल्डाने कॉफी घेतली. वय एक्केचाळीस, सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी आणि संध्याकाळी कॉलेज. दवाखान्यात श्वास लागलेल्या रोग्यांची यंत्रं चालवायचं शिक्षण ती घेत होती. एकच सत्र उरलं होतं. पण मागची थोडी फी थकली होती, ती एप्रिलअखेर भरल्याशिवाय कॉलेज नाव दाखल करून घेणार नव्हतं आणि नवं कर्ज मिळायची मर्यादा संपली होती. भरलेल्या फीबद्दल सरकार करात सवलत देतं. ती मिळाली तर जवळजवळ एकोणीसशे डॉलर हाती येणार होते. नाही मिळाली तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

डीकन शिकणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: "फी स्वतःच्या खिशातून भरलीत?" गेल्या वर्षी व्हेल्डाने खाली मान घालून सांगितलं होतं, "नाही डीकन, कर्ज काढलं." त्यांनी फीची चौकट कोरी सोडली होती. त्या चर्चमध्ये उसन्या पैशाला आपला म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. सगळे खरं बोलत आणि सगळे कोरी चौकट घेऊन घरी जात.

तिची पाळी आली. डीकनशेजारी त्यांची मुलगी लोर्ना कॉम्प्युटरवर आकडे भरत होती.

"सिस्टर व्हेल्डा, फी स्वतःच्या खिशातून भरलीत?"

"मी भरली."

डीकननी मान वर केली. "गेल्या वर्षी कर्ज म्हणाला होतात."

"कर्जच आहे. माझ्या नावावरचं. नापास झाले तरी फेडायचंय मलाच. म्हणजे फी मीच भरली. चौकट भरा. आणि गेल्या वर्षीची चुकलीय, तीही दुरुस्त करून पाठवा."

तिने कर खात्याचं नियमांचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. कर्जातून भरलेली फीसुद्धा धरायची, ज्या वर्षी भरली त्याच वर्षी धरायची, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. डीकननी ते दोनदा वाचलं.

"कायद्याला चालत असेल," ते म्हणाले. "माझ्या मनाला चालत नाही. न दिलेले पैसे दिले म्हणायचं, ही खोटी साक्ष झाली."

व्हेल्डाचं डोकं फिरलं. आपल्या घामाला हा माणूस भीक समजतो, असं तिला वाटलं आणि तिला त्यांचा मनापासून राग आला.

"डीकन, हा हॉल कुणी बांधला?"

"मंडळींनी."

"कशाच्या जोरावर?"

डीकन समोरचे कागद चाळू लागले. मागच्या खुर्च्यांवरून, प्रवचनाला ऐकणारे दाद देतात तसं, कुणीतरी म्हणालं, "सांग गं बाई, सांग!"

"बँकेच्या कर्जावर," व्हेल्डाच म्हणाली. "ईस्टरला शेवटचा हप्ता देऊन कर्जाचा कागद आपण वेदीपुढे जाळणार. काडी तुम्हीच लावणार. मग अठरा वर्षं आपण गात होतो ते कुणाच्या घरात? बँकेच्या? दारावरच्या दगडावर 'मंडळींनी बांधले' असं तुम्हीच कोरून घेतलंत ना? तेव्हा कुठे गेली होती खोटी साक्ष?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं ते सांगा. मी उभीच आहे."

हॉलमध्ये हसू पसरलं, पण डीकन हसले नाहीत. त्यांनी कागद सरकवून परत दिला. "मी नाही लिहिणार."

"नका लिहू. खाली सही माझी असते, तुमची नव्हे. साक्ष माझी आणि पाप असलंच तर तेही माझं. पेन द्या."

डीकननी पेन दिलं नाही. लोर्नाचे हात मात्र थांबले होते.

"व्हेल्डा," ती हळूच म्हणाली, "जुनी चूक किती मागची दुरुस्त होते?"

"तीन वर्षं."

लोर्ना बोटांवर काहीतरी मोजू लागली. एका हाताची बोटं संपली आणि ती थांबली. तिने नर्सिंगचं शिक्षण का सोडलं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं: दुसऱ्या वर्षाची फी थोडक्यात कमी पडली होती. तेव्हापासून ती कारखान्यात कोंबड्या सोलत होती.

"पपा, माझ्या कागदावरची चौकट तुम्ही कोरीच ठेवली होती ना?"

डीकननी चष्मा काढला.

"मला विचारलंत, 'स्वतःच्या खिशातून?' मी खरं सांगितलं, कर्ज काढलं म्हणून." लोर्नाने आवाज खाली घेतला नाही. "नऊ वर्षं झाली, पपा."

"लोर्ना, मला माहीत नव्हतं गं..."

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. कॉम्प्युटर आपल्याकडे ओढून घेतला.

"व्हेल्डा, फीचा आकडा सांग. मोठ्याने सांग, मागे अजून बरेच जण बसलेत."

व्हेल्डाने सांगितला. शेवटच्या रांगेतल्या दोन बायका उठल्या आणि आपले कागद घेऊन पुढे आल्या.