टाचेखालची वाळू

काटा बोटभर लांब होता, काळाकुळकुळीत, आणि निकोलासाच्या उजव्या टाचेत निम्म्याहून अधिक रुतलेला – तिला तो दिसला, लागला नव्हता. दिसला तोही चुलीपासून दारापर्यंत उमटलेल्या लाल ठिपक्यांमुळे. आधी वाटलं, सुनेनंच काहीतरी सांडलं, शिवी जिभेवर आलेली – आणि ठिपके तिच्याच पायाशी येऊन थांबले. तिनं काटा उपसला. काहीच नाही… जणू दुसऱ्या कुणाची टाच, मेल्या माणसाची. गेल्या वर्षी साखरेची डॉक्टरीण म्हणाली होती, आजी, पाय सांभाळा, ते हळूहळू बधिर होतात. तू जन्मायच्या आधीपासून हे पाय वाळूतली कासवांची अंडी शोधतायत, ते काय तुला विचारून बधिर होणार? – असं ऐकवून निकोलासा घरी आली होती, आणि वाटेभर खूश होती.

दारात कासवं राखणाऱ्या समितीचा एवेलियो उभा, टोपी हातात. टोपी हातात घेतली म्हणजे याच्याकडून काहीतरी चुकलंय.

“दोन्या निकोलासा,” मोठ्या बाईला मानानं म्हणतात तसं तो म्हणाला, “पहाटे होडीवाल्यांनी बघितली. थोरली कासवीण आली होती. चामड्याच्या पाठीची. अंडी घालून पाण्यात परत जाताना दिसली.”

“मग तोंड का पाडलंयस? नाच की!”

“मागून आपले बैल गेले.”

बैल तिनंच लावले होते. लाटांनी आणून टाकलेले ओंडके ओढून काढायचे, पिल्लांना पाण्यापर्यंत मोकळी वाट मिळाली पाहिजे – हा तिचाच हुकूम, सगळ्या बायकांनी पाळलेला. आणि त्याच ओंडक्यांनी थोरलीचे माग साफ पुसले होते. यंदाची ही पहिलीच. कदाचित शेवटचीही. त्यात आज अमावास्या, दुपारी तीन वाजता मोठी भरती, खालची सगळी वाळू पाण्यात जाणार. तोवर अंडी उचलून वरच्या कुंपणात पुरली तर जगतील.

“तुमची टाच आहे म्हणून बरं,” एवेलियो म्हणाला.

टाच… आईनं शिकवली होती. अंगण झाडायला शिकवावं तशी, ओरडून. टाचेवर भार टाक, खाली बघू नकोस, डोळे खोटं सांगतात. अंड्यांवरची वाळू तव्यावरच्या फुगलेल्या भाकरीसारखी असते, जरा दाबली की दम सोडते. तेव्हा शोधायचं ते खायला, विकायला. एकेका रात्रीत चाळीस खड्डे मी उघडलेत, खोटं कशाला सांगू – तेव्हा थोरल्या इतक्या यायच्या की वाटायचं, समुद्रच किनाऱ्यावर चढतोय. मग येईनाशा झाल्या. आणि अंडी काढणं बंद करा म्हणत भर सभेत पहिली उठले ती मी, चार बुकंही न शिकलेली. नवऱ्याच्या हातातली अंड्यांची पिशवी ओढून घेतली आणि खड्ड्यात परत ठेवली, एक-एक, सगळ्या गावादेखत. महिनाभर बोलला नाही माझ्याशी. बरं झालं, तेवढीच शांतता.

किनाऱ्यावर बायका टोपल्या घेऊन ओळीनं उभ्या होत्या. डिसेंबरचा वारा वाळू भिरकावत होता. निकोलासा अनवाणी चालू लागली. पाऊल, भार, थांब. पाऊल, भार… खाली वाळू आहे हे तिला गुडघ्यांनी सांगितलं, टाचेनं नाही. चार येरझाऱ्या झाल्या. बायकांची कुजबुज थांबली. ती काहीतरी ऐकतेय असं वाटलं असेल त्यांना. आणि ऐकत होती ती फक्त स्वतःचा श्वास. ‘इथे’ म्हणायचं – इथे खोदा. काही निघालं नाही तर कुत्र्यांनी नेली म्हणतील, बैलांनी चिरडली म्हणतील, माझ्या टाचेला कोण नाव ठेवणार? कुणाची टाप आहे?… लाट मघापेक्षा वर आली होती.

“आई,” मागून योर्लेनी हळूच म्हणाली. सून. कॉफीच्या डोंगरातली, लग्नाआधी समुद्र फक्त कॅलेंडरावर बघितलेला. “तुमच्या पावलांत रक्त उमटतंय.”

“माहीत आहे.”

“दुखत नाही?”

निकोलासानं ओळीकडे पाहिलं. मग समुद्राकडे.

“नाही,” ती म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की ओळीच्या टोकापर्यंत गेलं. “दुखत नाही. काहीच कळत नाही मला. चप्पल काढ.”

“मी? अकरा वर्षं म्हणताय, तुला वाळूत धड चालता येत नाही, बदकासारखी –”

“म्हणतेय. उद्याही म्हणेन. काढ.”

“दोन्या, आता डोंगरातली शोधणार?” एवेलियो हसला.

“तू गप. तुझी टाच बुटाबाहेर आली तर खेकडे गाव सोडतील.”

बायका हसल्या. निकोलासानं सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागून चालू लागली. टाचेवर भार टाक. खाली बघू नकोस, मूर्ख, समोर बघ. स्वतःच्या तोंडून आईचा आवाज येतोय हे तिला कळलं, पण थांबवावासा वाटला नाही. पाऊल, भार… हाताखाली खांदा खाली जात होता, वर येत होता. ऊन डोक्यावर आलं. आणि एका पावलाला खांदा खाली गेला तो तिथेच राहिला, रोजच्यापेक्षा गव्हाच्या दाण्याएवढा अधिक खाली.

“काय?”

“काही नाही… म्हणजे, इथे… आई, सांगता येत नाही.”

सांगता येत नाही. माझ्या आईलाही कधी आलं नव्हतं. मला तरी कुठे आलं?

“खोदायचं का, दोन्या?” फावडं घेऊन एवेलियो पुढे आला. सगळी ओळ तिच्याकडे बघत होती, सवयीनं.

“मला काय विचारतोस? तिला विचार.”

योर्लेनी डोळे मिटून उभी होती. खाली अंडी आहेत की नुसती बैलांनी भुसभुशीत केलेली वाळू – निकोलासाला ठाऊक नव्हतं. या किनाऱ्यावर पहिल्यांदाच तिला काही ठाऊक नव्हतं, आणि तरी मान खाली जाईना, उलट ताठ होत होती… तिनं खांद्यावरचा हात काढला नाही. काय वाट्टेल ते होवो, उभी कशी राहिलीय बघा – बदक नाही ही. माझी सून आहे.