चोयाला कुणी कळवायचं?

आमच्या विद्यापीठात प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एक निवेदन वाचतात. 'ही भूमी तोहोनो ओधम या मूळनिवासी लोकांची आहे. आपण इथे पाहुणे आहोत, याची आम्हांला कृतज्ञ जाणीव आहे.' तेवढा वेळ सगळे खाली बघतात. काहीजण फोनकडे बघतात, पण तोही खालीच असतो. हे निवेदन मी लिहिलेलं आहे. खाली कुलगुरूंची सही आहे.

एप्रिलमध्ये उद्यान समितीपुढे मीच ते वाचलं आणि पहिला विषय घेतला: ग्रंथालयामागच्या निवडुंगांच्या कळ्या तोडणाऱ्या ओधम बाईंना आवर घालणे.

बाई म्हणजे डेल्फीन अँटोन, वय शहात्तर. चोया नावाच्या या काटेरी निवडुंगाच्या कळ्या उमलायच्या आत तोडायच्या, काटे झाडून भाजायच्या, वाळवून वर्षभर पुरवायच्या. फूल झालं की संपलं. पूर्वी त्या लांब वाळवंटात जात. आता गुडघे ऐकत नाहीत, आणि आमच्या वाटा सपाट आहेत. यंदा घाई वेगळीच होती. त्यांची धाकटी बहीण सेसिलिया वृद्धाश्रमात होती. कशालाच तोंड लावत नव्हती, मागायची ते फक्त या कळ्यांचं कालवण.

हे सगळं मी समितीला सांगितलं.

"अगदी हेलावून गेले मी," अध्यक्ष होलब्रुकबाई म्हणाल्या. "पण पुढच्या महिन्यात माहितीपत्रकाचे फोटो आहेत. फुलंच नसली तर वाळवंट किती भकास दिसतं!"

"पालो वर्देची झाडं आहेत की, फुलांनी पिवळीधमक," मी म्हणालो.

"ती काय, पेट्रोल पंपावरही असतात."

मग भावनांचा आदर राखून उपसमिती नेमली. तिची बैठक आठ मेला. विषय पुढे ढकलला, असं मी इतिवृत्तात लिहिलं. चोयाला कळवायची जबाबदारी मात्र कुणावरच सोपवलेली नव्हती.

डेल्फीनमावशी बागेत होत्या. हातात लांब चिमटा, पायाशी बादली, बादलीत चार-पाच कळ्या.

"आठ मे?" त्या म्हणाल्या. "तोवर मधमाश्यांचं जेवण उरकलेलं असेल रे. आणि सेसिलिया..." त्या चिमटा पिशवीत घालू लागल्या. "जाऊ दे, मास्तर. या वयात पोलिसांची कटकट नको."

"चिमटा द्या इकडे," मी म्हणालो.

दहा मिनिटांत मला तीन काटे टोचले आणि सुरक्षारक्षक रामिरो आपली छोटी गाडी घेऊन आला.

"सर, तुम्ही? तक्रार आलीय. परवानगी आहे का?"

खिशात सकाळच्या बैठकीतल्या निवेदनाचा कागद होता. मी तो त्याला दिला. त्याने दोनदा वाचला.

"म्हणजे जमीन मावशींची?"

"सही कुलगुरूंची आहे."

"मग तक्रार कुणाची?"

"पाहुण्यांची."

रामिरोने वहीत काहीतरी लिहिलं, मावशींना टोपी काढून सलाम केला आणि गाडी वळवली.

"काय आहे रे त्या कागदात?" मावशींनी विचारलं. "वाच बघू."

मी वाचलं. शंभर वेळा वाचलं असेल, पण समोरचा माणूस माझ्याकडे बघतोय असं प्रथमच होत होतं. 'कृतज्ञ' शब्दावर अडखळलो.

"छान आहे. कुणी लिहिलं?"

"मी."

"कधी?"

"सहा वर्षं झाली."

"आणि तरी तू त्यांना विचारायला गेलास?"

मी पुढच्या कळीला चिमटा लावला.

"ती नको," त्या म्हणाल्या. "शेंड्याच्या ठेवायच्या. त्या माश्यांच्या."

अर्धी बादली झाल्यावर पुरे म्हणाल्या. बसमध्ये चढताना त्यांनी बादली माझ्या हातून घेतली. आभार मानले नाहीत, ते बरं वाटलं.

मेमध्ये शेंड्याची फुलं उमलली, फोटोही निघाले. पण त्याआधीच, कळ्या तोडल्या त्याच आठवड्यात, मावशींचा निरोप आला होता: सेसिलियाने तीन चमचे कालवण खाल्लं, आणि मीठ कमी आहे म्हणाली.