आबा सीटवरून उठेनात

आमच्या घरात दोन गोष्टींना कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. एक माझी भाकरी आणि दुसरी माझी व्हॅन. भाकरीला नावं ठेवायची कुणाची टाप नाही. व्हॅनला मात्र रोज कुणी ना कुणी ठेवतंच, आणि त्यात पहिला नंबर माझ्या सासऱ्यांचा, म्हस्कूआबांचा.

तशी ती बोलायला जागा देणारीच आहे. आधी कुठल्याशा शाळेची मुलं न्यायची, म्हणून रंग पिवळा. आम्ही घेतली तेव्हा मागच्या सीटखाली कुणाची तरी कंपासपेटी सापडली होती. मागची सीटं काढून आम्ही क्रेट बसवले आणि वरकुट्याच्या आमच्या रानातली वांगी, दोडका, मेथी बारामतीत फ्लॅटच्या दारोदार नेऊन मी विकायला लागले. नवरा, दादासो, कंपनीत पाळी करतो, त्यामुळे चालवणारी मीच. खरं सांगू का, स्टेअरिंगमागं बसले की मी कुणाची सून नसते की बायको नसते. खाली उतरल्यावर पुन्हा सगळं असतंच. पण मधला वेळ माझा असतो, आणि तो मला फार प्यारा आहे.

अडचण होती ती गॅरेजची. इंदापूरचा विजयसिंह मिस्त्री माणूस वाईट नाही, पण सीट उचलून इंजिनात डोकावला की जिभेनं 'च्यक' करायचा आणि म्हणायचा, "वैनी, हे बी गेलंय." नुसतं ऑईल बदलायला नेलेली गाडी आठवडा-आठवडा त्याच्या दारात उभी राहायची. इकडं तोडलेली मेथी पिवळी पडायची.

अशीच एकदा पिवळी पडलेली मेथी आबांनी शेळ्यांपुढं टाकली आणि ओट्यावर बसून निकाल दिला.

"आता ही यकदा जरी वाटंत बंद पडली, तर इकून टाकायची. भवानीनगरचा दीपक घ्यायला तयार हाय."

आबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तरुणपणी मेंढरांमागं हिंडलेला हा माणूस. एका सकाळी म्हणाला, आता शेती करायची, आणि सगळा कळप विकून रानात ठिबक आणलं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई सारजा, चार दिवस जेवल्या नव्हत्या म्हणे. आबा तरी हलले नाहीत. मग माझ्या पिवळ्या डब्याची काय कथा?

मी ठरवलं, सर्व्हिसिंग घरीच करायचं. माझं माहेर काटेवाडी. वडिलांच्या ट्रॅक्टरला ग्रीस मारत मी मोठी झाले. बाकीचं मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. पहिल्यांदा ऑईलचा नट सोडला तेव्हा निम्मं ऑईल माझ्या कोपरापर्यंत आलं. आत्या धावत आल्या, मला वाटलं माझ्यासाठीच.

"आगं, सांडू नगंस! गोठ्याच्या लाकडी मेढींना लावती. वाळवी लागत न्हाय जळक्या आईलानं."

हळूहळू हात बसला. ऑईल, प्लग, बॅटरीचं पाणी, पंख्याचा पट्टा, सगळं घरीच. ब्रेकला मात्र हात लावला नाही, त्याला विजयसिंहच. आपल्या हौसेपायी दुसऱ्याचा जीव टांगणीला कशाला लावा?

आबा ओट्यावरून सगळं बघायचे. "बाईमानसानं गाडीखाली लोळायचं म्हंजी..." एवढं म्हणून पुढचं गिळायचे.

"उसात वाकून खुरपायला चालतंय, गाडीखाली न्हाय व्हय?" मी खालूनच विचारायचे. मग ते उठून शेततळ्याकडं जायचे. रोज संध्याकाळी ठिबकचा फिल्टर धुणं हे त्यांचं काम. ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. फिल्टर तुंबला की रान सुकलं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मागच्या हिवाळ्यात, साखर कारखाने सुरू झाल्यावर, एका सकाळी आबा म्हणाले, "मी बी येतो बारामतीला. डोळं दावायचं हायेत." मला कळलं, हे डोळ्यांपेक्षा गाडी तपासायला निघालेत. क्रेट भरले, नारळ फोडायचाच काय तो बाकी ठेवला, आणि आबांना शेजारी बसवून निघाले.

निमगाव मागं पडेपर्यंत ठीक होतं. पुढं गाडी ओढेना. ॲक्सिलरेटर दाबावा तर गुरगुरते, पण पळत नाही. मागं काळा धूर. उसाच्या दोन ट्रॉल्या लादलेला ट्रॅक्टर मला मागं टाकून गेला. आणि त्याच्या ड्रायव्हरनं हसून हात केला, तोही आपलेपणानं! काटेवाडीच्या अलीकडं पुलाचा चढ लागला आणि तिथं बाईसाहेब आचके देऊन बंद पडल्या. माझ्या माहेराच्या तोंडावर.

वाटेत बंद पडली. जे व्हायला नको तेच झालं.

आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलल्याशिवाय काही दिसत नाही.

"आबा, जरा उठा."

"आदी पेट्रोल बघ."

"काटा निम्म्यावर हाय. उठा."

"चाकात दगुड आडाकला आसंल."

"आबा, इंजिन बंद पडलंय. चाकाचा काय संबंद? उठा की."

"गुडघं धरल्यात माजं."

बांधावरून उडी मारणारे गुडघे नेमके आजच धरले! माझ्या डोक्यात तिडीक गेली. यांना गाडी विकायचीच आहे, मी ती चालू करू नये म्हणूनच हे बसून राहिलेत, असंच मला वाटलं आणि मी बोलून गेले.

"इकायचीच आसंल तर सरळ सांगा. पर आसं सीटवर बसून माजा घात करू नका."

आबा दार उघडून उतरले आणि उसाकडं तोंड करून उभे राहिले.

मी सीट उचललं. प्लग बघितले, वायरी बघितल्या. मग एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या. आतला कागदी फिल्टर आदल्या आठवड्यात धुळीनं काळा होता. आता तो पांढरट होता, फुगलेला, लगदा होऊन घड्या एकमेकींना चिकटलेल्या. इंजिनाला श्वास घ्यायला जागाच नव्हती. हातात घेतला तर ओला, आणि त्याला हिरवट वास. शेततळ्यातल्या शेवाळाचा.

मी वळून आबांच्या पाठीकडं बघितलं.

"आबा, ह्यो फिल्टर तुमी धुतला?"

आबा न वळताच म्हणाले, "काळाकुट्ट झाल्ता. ठिबकचा मी रोज धुतो, म्हनलं ह्यो बी फिल्टरच की. काल सांजच्याला ब्रशनं घासून काढला."

"पर कशापायी?"

"तुजी गाडी वाटंत बंद पडू नये म्हनून." आबा वळले. डोळे माझ्याकडं नव्हते, त्या फिल्टरकडं होते. "मीच बोलून बसलोय. बंद पडली तर माज्याच तोंडानं इकायला लागंल, म्हनून."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मघाशी बोलले त्याची लाज वाटली. पदरानं तोंड पुसलं तर त्याला ग्रीस.

"आबा, ह्यो कागुद हाय. ठिबकची जाळी न्हवं. ह्याला पानी न्हाय चालत, नुसता झटकायचा."

"आता कळलं की," आबा म्हणाले. "तवा कोन सांगनार? चोरून चाललं हुतं."

फिल्टर बाहेरच ठेवून मी किल्ली फिरवली. थोडी खोकली आणि अशी गरजली की बांधावरचे बगळे उडाले. फिल्टरशिवाय लांब जायचं नसतं, धूळ थेट इंजिनात जाते. म्हणून ट्रॉल्यांपासून अंतर राखत, बैलगाडीच्या चालीनं बारामतीच्या अलीकडचं स्पेअर पार्टचं दुकान गाठलं. आबा तो ओला लगदा देवाच्या प्रसादासारखा मांडीवर धरून बसले होते.

नवा फिल्टर मी दुकानाच्या दारातच बसवत होते, तेवढ्यात आबांचा फोन वाजला. कानाला कमी ऐकू येत असल्यानं त्यांचं बोलणं सगळ्या रस्त्याला ऐकू जातं.

"कोन, दीपक व्हय? ... तुज्या गाववाल्यानं बगितली? खरं हाय त्ये. पुलावर बंद पडली." माझा हात क्लिपेवरच थांबला. "न्हाय, न्हाय, इकायची न्हाय. ... आरं, दिला हुता शबुद, मोडला! माज्या हातनं बिगाडली आन माज्या सुनंनं चालू केली. कुटल्या गॅरेजवाल्याला बोलवायला लागलं न्हाय. ठेव फोन."

कळप विकतानासुद्धा न हललेला माणूस भर रस्त्यात शब्द मोडून मोकळा झाला होता, आणि तोंडावर असा आनंद की जणू सोयरीक जमवली.

त्या दिवशी संध्याकाळी मी गाडीखाली होते. शेततळ्याकडं जाणारी पावलं अंगणात थांबली. आबा गुडघ्यावर बसले, तेच धरलेले गुडघे, आणि खाली वाकून म्हणाले,

"सपनाली, सरक जरा. ह्यात काय काय धुवायचं न्हाय, त्येवडं आदी दाव."