न तडकलेल्या बांगड्या

अब्दुल गनीने निखाऱ्यातली बांगडी चिमट्याने उचलली आणि सरळ गार पाण्यात टाकली. गोजरबाईने डोळे मिटून घेतले. चर्र आवाज झाला, पण बांगडी अख्खीच राहिली.

"पाह्य," गनी म्हणाला. "तुह्या भट्टीचं काही चालत नाही हिच्यापुढं."

गोजरबाई आणि तिचा नवरा शेषराव खामगावच्या बाजारात फुटाणे भाजत. भट्टीची धग आणि ओले हात. पंधरा दिवसांत एखादी तरी बांगडी तडकायचीच. बांगडी तडकली की धन्याला वाईट, म्हणून बाईचा जीव टांगणीला लागायचा. फुटली न म्हणता 'वाढवली' असे तोंडाने म्हटले, तरी भीती कुठे जाते?

म्हातारा बांगडीवाला गनी हाताचा कसबी, पण जिभेला सैल. दवाखान्यातल्या फुटक्या विलायती काचनळ्या त्याने मागून आणल्या होत्या. ती काच साध्या आचेला दाद देईना. दोन भाते लावून त्याने ती वितळवली, आधी मणी आणि शोभेचे पोपट केले, मग या सहा बांगड्या. त्या गोजरबाईच्या हातात भरताना तो सहज बोलून गेला, "ह्या तडकत नाहीत, तोवर शेषरावच्या केसाले धक्का नाही." गोजरबाईने रिवाजाप्रमाणे त्याला हात जोडले. "चुडा अमर राहो," त्याने नेहमीचा आशीर्वाद दिला.

चार महिने एकही तडकली नाही. छातीत कळ येते, असे शेषराव दोनदा म्हणाला, तेव्हा तिने मनगट पुढे करून त्याचीच थट्टा केली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेजारची विमलबाई गनीकडे धावत आली. "मामू, चला. शेषराव भट्टीपाशीच गेला. गोजर बांगड्याइले दगड लावू देऊन नाही राह्यली."

गनीला आधी काही उमगलेच नाही. हातातला चिमटा तसाच घेऊन तो निघाला.

शेषरावाला दारात निजवले होते. बायका दगड घेऊन खोळंबल्या होत्या. गोजरबाई रडत नव्हती. तिने दोन्ही हात गनीसमोर धरले.

"मामू, एकीलेबी तडा नाही. मंग हे कसे गेले? म्या त्याइले दवाखान्यात नेलंच नाही. तुमचा शबद होता."

गनीने चिमटा खाली ठेवला. चाळीस वर्षे त्याने बांगड्या भरल्या होत्या. कुणाच्या उतरवल्या कधी नव्हत्या. त्याने तेल मागितले, तिच्या मनगटांना चोळले आणि एकेक बांगडी हळूहळू काढली. सहाच्या सहा अख्ख्या निघाल्या.

शेवटची उतरल्यावर गोजरबाईने जन्माच्या सवयीने त्याला हात जोडले. आशीर्वादासाठी गनीचे तोंड उघडले, आणि तसेच राहिले.